घराच्या टोंकाचा संगणक

ठाण्यापासून कल्याणपर्यंत लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंस जी दाट वस्ती पसरली आहे, तींतील बहुतेक मध्यम स्थितीच्या घरांत आज बिनतारी जाळें येऊन पोहोंचलें आहे. त्याला सर्वजण वायफाय म्हणतात. आम्हीहि तोच शब्द वापरूं. बाहेरून येणाऱ्या तारेच्या शेवटीं एक लहानसा डबा बसवितात, त्याचें नांव राउटर. त्या डब्यांतून लहरी निघतात आणि घरांतील मोबाईल, दूरचित्रवाणी व संगणक यांना त्या इंटरनेट पुरवितात. येथवर सर्व ठीक आहे. परंतु हीं यंत्रें घरांत कोठें कोठें मांडलेलीं असतात, याकडे आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं क्षणभर लक्ष द्यावें, अशी आमची विनंति आहे. राउटर असतो दिवाणखान्यांत, दाराशेजारीं. त्याच्या समोर दूरचित्रवाणी. त्याच्या आसपास मोबाईल घेऊन बसलेली मंडळी. आणि ज्या संगणकावर मुलानें प्रकल्प लिहावयाचा, प्रवेशाचा अर्ज भरावयाचा किंवा एखादें व्याख्यान ऐकावयाचें, तो टेबलावरील संगणक असतो घराच्या दुसऱ्या टोंकास. कारण शांतता म्हणून जी कांहीं घरांत असते ती तेथेंच असते. परिणाम असा कीं, करमणुकीला भरपूर संकेत मिळतो आणि अभ्यासाला उरलासुरला.

ही वांटणी कोणीं ठरवून केलेली नसते. ती आपोआप झालेली असते, आणि म्हणूनच तिच्याविषयीं कोणी कधीं तक्रार करीत नाहीं. आम्हांस मात्र ती अन्यायाची वाटते. ती दुरुस्त करावयाची कशी, याविषयीं बाजारांत एक मत प्रचलित आहे व आमचें मत त्याहून निराळें आहे. बाजार म्हणतो, आणखी एक डबा घ्या. आम्ही म्हणतों, टोंकाच्या संगणकापर्यंत तार न्या.

सन २०२० मध्यें शाळांचीं दारें बंद झालीं आणि वर्ग संगणकावर भरूं लागले, तेव्हां या प्रश्नाचें खरें स्वरूप प्रथम सर्वांच्या ध्यानांत आलें. त्या वर्षीं सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील एका विद्यार्थिनीस मोबाईलचा संकेत मिळावा म्हणून डोंगरावर झोपडी बांधून, भर पावसाळ्यांत तींत बसून अभ्यास करावा लागला. ती बातमी वाचून आम्हां शहरवासीयांस हळहळ वाटली, आणि ती वाटणें योग्यच होतें. परंतु त्याच दिवसांत आमच्या शहरांतील मुलें काय करीत होतीं? वडिलांचें कार्यालयीन काम एका खोलींत, धाकट्या भावाचा वर्ग दुसऱ्या खोलींत, आणि मोठी मुलगी मागच्या खोलींत भिंतीशीं टेकून, आवाज तुटला कीं खिडकीपाशीं आणि खिडकीपाशीं तुटला कीं दारापाशीं. डोंगर चढावा लागला नाहीं इतकेंच. हजेरीच्या वेळीं तिचें नांव पुकारलें, तिनें उत्तर दिलें, आणि तें उत्तर पोहोंचलेंच नाहीं, असे प्रसंग शिक्षकांस तरी विसरतां येण्याजोगे नाहींत. वर्ग पुन्हां शाळेंत भरूं लागले हें खरें; पण घरचा संगणक जेथें होता तेथेंच राहिला, आणि त्याच्याकडून अपेक्षिलें जाणारें काम मात्र वाढलें.

अशा वेळीं पालक प्रथम काय करतात? ते मोठी योजना घेतात. पन्नास एमबीपीएसची होती तेथें शंभरची, शंभरची होती तेथें दोनशेंची. महिन्याचा खर्च वाढतो व मागची खोली होती तशीच राहते. गच्चीवरील टाकी मोठी केल्यानें ज्याची नळी मध्येंच चोंदली आहे अशा नळाला जास्त पाणी येत नाहीं, हें आमच्याकडील कोणत्याहि सोसायटींतील गृहस्थाला सांगावें लागत नाहीं. तोच विचार येथें लागू आहे. अडथळा बाहेरच्या तारेंत नसून दिवाणखाना व मागची खोली यांच्या मधल्या भागांत आहे.

तो अडथळा कसला? १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलांत जगदीशचंद्र बसु यांनीं बिनतारी लहरी पाठवून भिंतीपलीकडील घंटा वाजवून दाखविली व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. लहरी भिंतीच्या पार जातात हें त्या दिवशीं लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. परंतु पार जातांना त्यांचें बळ किती खर्ची पडतें, हा हिशेब आपल्या घरांत आपणांसच मांडावा लागतो. प्रथम अंतराचा विचार घ्या. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं शक्ति चतुर्थांश उरते. व्यस्त वर्गाचा हा नियम आमच्या वरच्या वर्गांतील मुलांस पाठ आहे. त्यांत भिंतींची भर पडते. एखाद्या भिंतींत शक्तीच्या दहा भागांपैकीं नऊ भाग नाहींसे होत असतील, तर तशाच दुसऱ्या भिंतीपलीकडे शंभरांतील एकच भाग पोहोंचेल. भिंतींची वजाबाकी नव्हे, गुणाकार होतो.

आतां भिंत कसली आहे हेंहि पाहिलें पाहिजे. नौपाड्यांतील किंवा डोंबिवलीच्या रामनगरांतील जुनीं घरें विटांचीं. कोरडी वीट या लहरींना फारशी अडवीत नाहीं. घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याणच्या नव्या भागांत ज्या उंच इमारती उठल्या आहेत, त्यांपैकीं पुष्कळ इमारतींत भिंती ॲल्युमिनियमच्या सांच्यांत ओतलेल्या काँक्रिटच्या असून त्यांच्या पोटांत लोखंडी सळयांचें जाळें असतें. एका जाळ्याची वाट दुसरें जाळें अडवितें, असाच हा प्रकार. आजोबांच्या चाळींतील दोन खोल्यांत एक राउटर सहज पुरला आणि नव्या घरांत त्याहून भारी राउटर पुरत नाहीं, याचें नवल करणाऱ्यांनीं भिंतीवर बोट वाजवून पाहावें. शिवाय वाटेंत लोखंडी कपाट असतें, मोठा आरसा असतो, पाण्याचें पिंप असतें. धातु लहरी परतवितो आणि पाणी त्या शोषून घेतें. स्वयंपाकघरांत मायक्रोवेव्ह भट्टी असेल, तर ती चालू असेपर्यंत वायफायच्या एका पट्ट्यांत गोंगाट होतो, कारण दोघांची कंपनसंख्या जवळजवळ एकच आहे.

पट्टा म्हणजे काय तें एका वाक्यांत सांगतों. आमच्या घरगुती राउटरांत बहुधा दोन पट्टे असतात: एक २.४ गिगाहर्ट्झचा, ज्याची लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांब असते; दुसरा ५ गिगाहर्ट्झचा, ज्याची लहर त्याच्या निम्म्याहूनहि थोडी आंखूड असते. पहिला मंद पण भिंती अधिक भेदणारा, दुसरा वेगवान पण भिंतींपुढें लवकर नमणारा. भारतांत पहिला पट्टा २००५ सालीं घरगुती वापराला परवान्यावांचून खुला झाला आणि दुसऱ्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ सालीं. पूर्वी साध्या रेडिओलाहि डाकघरांतून परवाना काढावा लागे, ही गोष्ट मुलांनीं आजोबांस विचारावी. त्या पिढीला आणखी एक गोष्ट माहीत होती. रेडिओ आणला कीं प्रथम तांब्याच्या तारेची जाळीदार पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उंच ताणून बांधीत, मग रेडिओ कोणत्या कोनाड्यांत स्पष्ट ऐकूं येतो तें पाहत, आणि तेथेंच त्याची फळी ठोकीत. यंत्रासाठीं जागा शोधावी लागते हें ज्ञान त्यांच्याजवळ होतें. आज कामगार येतो, दाराजवळ जेथें तार निघाली तेथें राउटर लटकावतो व निघून जातो. आणि तो डबा पुढें वर्षानुवर्षें चपलांच्या कपाटावर किंवा दूरचित्रवाणीच्या मागें धूळ खात राहतो.

म्हणून एक पैसाहि खर्च करण्यापूर्वीं राउटर हलवून पाहावा. तो घराच्या मध्याजवळ, माणसाच्या डोक्याहून उंच, उघड्या जागीं असावा. बाहेरची तार तेवढी लांब नसेल तर कामगाराकडून ती वाढवून घेतां येते. प्रकाशतंतु मात्र स्वतः ओढूं अगर वांकवूं नये, तो आंतून कांचेचा असतो. इतक्यानेंहि कित्येक घरांतील तक्रार मिटते.

दुसरी गोष्ट संगणकाच्या कानाची. टेबलावरील पुष्कळशा संगणकांत बिनतारी लहरी ऐकण्याचें साधन मुळांत नसतेंच. दुकानदार अंगठ्याच्या पेराएवढा एक तुकडा देतो, तो संगणकाच्या पाठीमागें खोंचतात, आणि संगणकाचें लोखंडी खोकें टेबलाखालीं, भिंतीला पाठ लावून ठेवतात. म्हणजे एका बाजूस लोखंड, दुसऱ्या बाजूस भिंत, वर टेबलाची फळी, आणि त्या कोंडींत बिचारा कान. तोच तुकडा हातभर लांबीच्या जोडतारेनें टेबलावर आणून उभा केला तर ऐकूं येणें पुष्कळ सुधारतें. तो निळ्या खांचेंत, म्हणजे यूएसबीच्या तिसऱ्या पिढीच्या खांचेंत, लावलेला असेल तर काळ्या खांचेंत लावून पाहावा. तिसऱ्या पिढीच्या जोडणींतून २.४ च्या पट्ट्यांत गोंगाट सांडतो, असें खुद्द ती बनविणाऱ्यांनींच सांगितलें आहे.

इतकें करूनहि टोंकाची खोली कोरडी राहिली, तर मग बाजाराच्या मताकडे वळावें लागतें.

बाजारांतील डब्याला रिपीटर म्हणतात. नांव अन्वर्थक आहे; ऐकलेलें पुन्हां बोलणें एवढेंच त्याचें काम. परंतु साध्या रिपीटरला तोंड व कान मिळून एकच अवयव असतो. तो ऐकत असतां बोलूं शकत नाहीं व बोलत असतां ऐकूं शकत नाहीं. म्हणून जेवढा वेग त्याच्यापर्यंत पोहोंचतो त्याचा सुमारें निम्माच तो पुढें देऊं शकतो. आणि लोक तो बसवितात कोठें? जेथें संकेत पोहोंचत नाहीं त्या खोलींत! ज्याला स्वतःलाच नीट ऐकूं आलें नाहीं तो पुढें काय सांगणार? तो बसविला पाहिजे मध्यावर, जेथें संकेत अजून चांगला आहे तेथें. दुकानदार हें सांगत नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं; पण मध्यावर विजेचा प्लग नसतो, म्हणून ऐकलेलें सांगणें घरीं येईतों विसरलें जातें. आणखी एक फसवणूक अशी कीं, मोबाईलवर संकेताच्या चारहि रेघा भरलेल्या दिसतात. त्या रेघा रिपीटर किती जवळ आहे एवढेंच दाखवितात. रिपीटरपर्यंत काय पोहोंचलें तें दाखवीत नाहींत.

डोंबिवलीस आमच्या पाहण्यांतील एक घर आहे. शेजारशेजारचे दोन फ्लॅट मधली भिंत फोडून एक केलेले. राउटर एका टोंकाला, बारावींतील मुलीचा संगणक दुसऱ्या टोंकाला. दोन वर्षांत त्या घरानें तीन रिपीटर घेतले व ते एकामागून एक सांखळीनें लावले. निम्म्याचें निम्मे व त्याचेंहि निम्मे! संध्याकाळीं दिवाणखान्यांत क्रिकेटचा सामना लागला कीं मुलीच्या पडद्यावर चक्र फिरूं लागे, आणि घरचे म्हणत, तिचा संगणक जुना झाला. शेवटीं नववींतल्या भावानें अठरा मीटर केबल आणून कोनाकोपऱ्यांतून ताणली आणि संगणकाला जोडली. संगणक तोच राहिला. चक्र फिरणें थांबलें. त्या घरांत आज तिन्ही रिपीटर एका खोक्यांत आहेत.

नवीन प्रकारचे मेश म्हणून जे संच मिळतात ते या दृष्टीनें बरे आहेत. त्यांतील महाग संचांत आपसांत बोलण्यासाठीं एक पट्टा राखून ठेवलेला असतो. मोठ्या घरांत, जेथें माणसें मोबाईल घेऊन फिरतात, तेथें त्यांचा उपयोग आम्ही नाकारीत नाहीं. परंतु टेबलावरील संगणक फिरत नाहीं. तो वर्षानुवर्षें एकाच जागीं बसतो. जी वस्तु हलत नाहीं तिच्याशीं हवेंतून बोलण्याचा आग्रह कशासाठीं?

ह्या ठिकाणीं एक मोठें उदाहरण द्यावेंसें वाटतें, आणि तें आपल्याच महाराष्ट्रांतील आहे. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतील चौदा मध्यभागीं व उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या, कांहीं कित्येक किलोमीटर दूर. कोट्यवधि वर्षांपूर्वीं निघालेल्या अतिशय क्षीण रेडिओलहरी त्या टिपतात. बिनतारी लहरी ऐकण्यांत यांच्याहून तरबेज लोक जगांत थोडे असतील. मग एका तबकडीनें ऐकलेलें मध्यवर्ती इमारतींत कसें पोहोंचवितात? हवेंतून नव्हे. प्रत्येक तबकडीपासून प्रकाशतंतूची तार घातलेली आहे. आकाशाशीं बोलावयाचें तेव्हां लहर, कारण तेथें तार नेतां येत नाहीं. घरच्या घरांत मात्र तार. आपल्या खिशांतील मोबाईलची गोष्टहि याहून फारशी निराळी नाहीं. त्याचें बोलणें हवेंतून जातें तें जवळच्या मनोऱ्यापर्यंत; मनोऱ्यापासून पुढचा बहुतेक प्रवास जमिनीखालच्या व समुद्राखालच्या तारांचा आहे. बिनतारी म्हणून ज्याला आपण नांवाजतों, त्यांत तारच पुष्कळ आहे.

घरांत घालावयाची तार साधी असते. तिला दुकानांत लॅन केबल म्हणतात. कॅट-६ जातीची मागावी. तींत तांब्याच्या आठ बारीक तारा, दोन दोनांच्या चार जोड्यांनीं पीळ घातलेल्या असतात. पीळ शोभेसाठीं नाहीं. दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडावा व शेवटीं तो एकमेकांत वजा व्हावा, ही त्यांतील युक्ति असून ती टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं १८८१ सालीं पेटंट घेऊन नोंदविली आहे. अशी केबल १०० मीटरपर्यंत एक हजार एमबीपीएसचा वेग नेऊं शकते. आमच्या शहरांतील कोणतें घर १०० मीटर लांब आहे? खरेदी करतांना मात्र एक काळजी घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते व ती पुढें दगा देते. टोंकाशीं एक तार चाकूनें खरवडून पाहावी. आंतून पांढरी निघाली तर परत द्यावी. लॅमिंग्टन रोडला जाणाऱ्या मुलांना ही युक्ति माहीत असते. ठाण्या-कल्याणच्या दुकानांतहि ती करून पाहण्यास हरकत नाहीं.

टोंकांना जो पारदर्शक गट्टू लागतो त्यास आरजे-४५ म्हणतात. तो दाबून बसविण्याची पक्कड मिळते, आणि तें काम आठवी-नववीच्या मुलाला किंवा मुलीला एका दुपारीं शिकतां येतें. गट्टूची खिटी खालच्या बाजूस ठेवून डावीकडून रंग असे लावावे: नारिंगी पट्ट्याची पांढरी, नारिंगी, हिरव्या पट्ट्याची पांढरी, निळी, निळ्या पट्ट्याची पांढरी, हिरवी, तपकिरी पट्ट्याची पांढरी, तपकिरी. दोन्ही टोंकांस क्रम हाच. हिरव्या जोडीच्या मध्यें निळी जोडी आली आहे हें पाहून पुष्कळ मुलें आपल्या बुद्धीनें क्रम सरळ करतात व मग केबल चालत नाहीं. तसें करूं नये. एखादी तार नीट बसली नाहीं तर केबल कधीं कधीं चालते पण एक हजाराऐवजीं शंभरच वेग देते, कारण शंभराला दोन जोड्या पुरतात व हजाराला चारहि लागतात. वेग बरोबर शंभरावर अडकलेला दिसला कीं गट्टू कापून पुन्हां दाबावा.

ही तार सरळ संगणकांत खोंचावी. त्या खोलींत मोबाईललाहि संकेत हवा असेल, तर घरांत पडून असलेला जुना राउटर त्या टोंकाला लावतां येतो. मात्र त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणून बसवावा, म्हणजे यंत्रांना पत्ते वांटण्याचें काम, ज्याला डीएचसीपी म्हणतात, तें त्याच्याकडे ठेवूं नये. एकाच दप्तरांत दोन कारकून स्वतंत्रपणें क्रमांक देऊं लागले तर जो घोटाळा होईल तोच येथें होतो. आणि जुन्या राउटरचा कारखान्यांत दिलेला परवलीचा शब्द तेवढा बदलावा, नाहीं तर आपण मागच्या खोलीबरोबर मागच्या इमारतीलाहि जाळें पुरवीत बसूं.

विजेच्या तारांतूनच इंटरनेट नेणारे जोडडबेहि मिळतात. भिंत फोडणें अगदींच अशक्य असेल तेथें ते करून पाहावे. पण दोन खोल्या विजेच्या निराळ्या फेजवर असतील, किंवा मध्यें इन्व्हर्टर असेल, तर त्यांचा भरंवसा धरतां येत नाहीं. दुसऱ्या इमारतींत, गच्चीवरून किंवा अंगणापलीकडे तांब्याची केबल उघड्यावर ताणूं नये. पावसाळ्याच्या आरंभीं आमच्याकडे विजा कडाडतात तेव्हां अशी तार दोन्हीकडचीं यंत्रें जाळते. तेथें प्रकाशतंतूच हवा, आणि तें काम जाणत्याचें.

आतां आक्षेपांकडे येतों. गृहिणींचा आक्षेप असा कीं, तार भिंतीवर दिसते व घराची शोभा जाते. शिवाय भिंतीला भोंक पाडावें लागतें. शोभेचा मुद्दा आम्ही हलका समजत नाहीं. पण पांढरी केसिंग-पट्टी पायथ्याच्या लादीवर सरळ बसविली तर आठ दिवसांनीं ती कोणाच्या डोळ्यांस पडत नाहीं. आणि भोंकाचें म्हणाल तर ठाणें व दिवा यांमधील वळसा वाचविण्यासाठीं पारसिकच्या डोंगराला सुमारें १.३ किलोमीटरचें भोंक पाडून १९१६ सालीं गाड्या सोडण्यांत आल्या. त्यामानानें करंगळीएवढें भोंक म्हणजे फार मोठा अपराध नव्हे. काँक्रिटच्या भिंतींत तुळई अगर खांब चुकवून, आणि विजेची नळी कोठून गेली आहे तें आधीं पाहून, सुताराकडून किंवा वायरमनकडून पाडून घ्यावें. दाराच्या वरच्या कोपऱ्यांतून चपटी केबल नेली तर भोंकाचीहि गरज राहत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर असून तो आम्हीं पालकसभेंत अनेकदां ऐकला आहे. कित्येक पालक म्हणतात, मागच्या खोलींत संकेत पोहोंचत नाहीं तेंच बरें. नाहीं तर मुलें दार लावून रात्रभर खेळ खेळत बसतील. ह्या भीतीला कारण नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु दुबळ्या संकेताला घरचा पहारेकरी नेमणें आम्हांस पसंत नाहीं. ज्याला खेळावयाचें आहे तो मोबाईल कंपनीच्या संकेतावर खेळतो व त्यास भिंती विचारीत नाहीं. अडतो तो अर्ज भरणारा. पालकांना खरोखरच देखरेख हवी असेल तर सरळ मार्ग मोकळा आहे: संगणकच दिवाणखान्याजवळ आणावा. सातवीपर्यंतच्या मुलांसाठीं आम्ही तोच सुचवूं. तेव्हां तार हातभर पुरेल, आणि त्या वेळांत दूरचित्रवाणी बंद ठेवावी लागेल ती किंमत मोठ्यांनीं द्यावी. मोठ्या मुलांना शांत खोली हवी असते. ती दिली तर तिच्यांतील संगणकहि धड चालता द्यावा, आणि रात्रीं अमुक वाजतां तो बंद व्हावयाचा हें तोंडानें सांगून ठरवावें. राउटरांत वेळ लावून देण्याची सोयहि असते.

ज्या घरांत संगणक एक व मुलें दोन आहेत, तेथें खोलींचा प्रश्न कसा सुटतो हें आम्हीं पाहिलें आहे. बहुधा मुलाला राउटरजवळची जागा व मुलीला स्वयंपाकघराशेजारची. कारण हाक मारली कीं तिनें उठावयाचें असतें. हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो, पण वस्तुस्थिति तशी आहे. तार टाकण्याच्या दिवशीं निदान तेवढा विचार करावा, आणि पहिली तार घरांतील सर्वांत दुबळ्या कोपऱ्यांत बसणाऱ्याला द्यावी.

राहिलें भाड्याचें घर. मालक खिळा ठोकूं देत नाहीं, तेथें भोंक काय पाडूं देणार? अशा पालकांनीं निराश होऊं नये. चपटी केबल दारांच्या चौकटीवरून, दुहेरी चिकटपट्टीच्या लहान आंकड्यांत अडकवून नेतां येते. लांबी मोजतांना दाराचा वळसा दोनदां धरावा व वर दोन मीटर शिल्लक ठेवावी. अकरा महिन्यांचा करार संपला कीं केबल गुंडाळून नव्या घरीं नेतां येते. आंकडे काढतांना चिकटपट्टीबरोबर रंगाचा पापुद्रा येतो. तो खोबरेल तेलाचें बोट लावून, थोडा वेळ थांबून सोडविला तर कमी निघतो, आणि उरलेल्या खुणा पुट्टीनें बुजवाव्या.